चौथी चिठ्ठी

डब्यातून निघालेली चिठ्ठी राजेश्रीबाईंनी मोठ्यानं वाचली. "नीलम." वर्गात कोणीच उभं राहिलं नाही. बाईंनी पुन्हा वाचली, या वेळी अंमळ चढ्या आवाजात. अठरा पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली.

खेळ सोपा होता. नाम शिकायचं म्हणून प्रत्येकानं चार चिठ्ठ्या लिहायच्या. एक वस्तूची, एक गावाची, एक भावनेची आणि चौथी स्वतःच्या नावाची. सगळ्या बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या. वस्तू निघाली की पळत जाऊन तिला हात लावायचा, गाव निघालं की ते कुठल्या दिशेला ते दाखवायचं, भावना निघाली की तसं तोंड करायचं. आणि आपलं नाव पुकारलं की उभं राहून 'हजर' म्हणायचं. व्याख्या फळ्यावर लिहून खुर्चीत टेकणारे मास्तर पैशाला पासरी मिळतात, राजेश्रीबाईंची जातकुळी निराळी. त्यांच्या खेळात शिकलेलं पोरं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. बाईंना त्याचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नव्हत्या.

मघापर्यंत वर्ग नुसता उधळला होता. 'खुर्ची' निघाली तेव्हा सातआठ जण बाईंच्या खुर्चीवर तुटून पडले. 'जिंतूर' निघालं तेव्हा अर्ध्यांनी शाळेच्या संडासाकडं बोट केलं. 'राग' निघाला तेव्हा बालाजीनं हुबेहूब हेडमास्तरांचं तोंड केलं, आणि बाईंनी ते न बघितल्यासारखं केलं.

आज बाईंचा जीव थाऱ्यावर होता, कारण मनकर्णा आली होती. चार दिवस ती शाळेत नव्हती आणि चार दिवस बाईंना अन्न गोड लागलं नव्हतं. सातवीतल्या पोरी अशाच जातात. गेल्या साली बबिता गेली. बाईंनी तेव्हा पोलिसांना फोन केला, जीप आली, एवढ्यात लग्न लावणार नाही असं बापाकडून लिहून घेतलं, आलेल्यांनी बुंदी खाल्ली आणि लग्न दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात लागलं. तेव्हापासून गावातल्या बायका बाईंशी तुटक बोलतात.

म्हणून या साली बाई आधीच हात धुऊन मागं लागल्या. मनकर्णाचा बाप परमेश्वर ऊसतोडीला जाणारा. टोळी ठरायच्या आधीच त्या त्याच्या दारात तीन खेपा जाऊन आल्या. दहावीपर्यंत पोरीच्या लग्नाचा विषय नको, एवढंच मागणं. परमेश्वरनं हात जोडले. "तुमच्या शब्दाभाईर न्हाई मी. शिकू द्या तिला." तो एवढ्या सहज कबूल झाला हेच बाईंना खटकायला हवं होतं. पण लग्नापासून वाचलेली ती एकुलती एक पोर होती. आनंदाच्या भरात बाईंनी ते साऱ्या शाळेला सांगून टाकलं.

आज सकाळी परमेश्वर स्वतः तिला फाटकापर्यंत सोडून गेला. "मामाच्या पोराचं लगीन हुतं चारठाण्याला," म्हणाला. पोरीचे हात कोपरापर्यंत रंगलेले. "छान रंगली गं मेंदी," बाई म्हणाल्या होत्या. मनकर्णा नुसतीच हसली होती.

"कोणाची आहे ही चिठ्ठी?" बाईंनी विचारलं.

"बाई, ह्या नावाचं आपल्या वर्गात कोणीच न्हाई," बालाजी म्हणाला.

बाईंनी अक्षर नीट पाहिलं. गोल, ठसठशीत. हे अक्षर त्यांनीच वळवलेलं होतं. चार दिवस घरी बसली की पोर शिकवलेलं सगळं विसरते, या विचारानं त्या वैतागल्या.

"मनकर्णा, स्वतःचं नाव लिहायला सांगितलं होतं. सातवीत आलीस आता." पोरं फिदीफिदी हसली. "ही बाद." बाई चिठ्ठी चुरगाळायला लागल्या.

"नका टाकू, बाई." मनकर्णा उभी राहिली. "माझंच हाय ते."

बाईंचा हात तिथंच थांबला. त्यांची नजर पोरीच्या रंगलेल्या हातांवर गेली.

"कोणी ठेवलं हे नाव?"

"तिकडच्यांनी. ताटात तांदूळ पसरून त्यात लिहिलं." पाठ केलेली कविता म्हणावी तशी ती सांगत होती. "कुंकवाचा कार्यक्रम हाय म्हणून नेलं, अन् तिथंच लगीन लावलं. सोमवारी न्यायला येणार हायत."

राजेश्रीबाईंनी टेबलाची कड धरली. त्यांना परमेश्वरचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. आता फोन करून कोणाला बोलावणार? येईल तर तीच जीप. लग्न लागायच्या आधी जे थांबवता आलं नाही, ते लागल्यावर कोण मोडणार? रडू यायला हवं होतं, तेही येईना.

"मग आज शाळेत कशाला आलीस गं?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं.

मनकर्णा खाली बघून बोलायला लागली. "नीलम म्हणून हाक मारली की मी बघतच न्हाई, बाई. मला वाटतं, दुसऱ्याच कुणाला बोलवायलेत. सासू म्हणली, बहिरी पोरगी गळ्यात मारली." तिनं मान वर केली. "तुमच्या खेळातलं लय लवकर पाठ होतंय, म्हणून आले. अजून एकदा पुकारा की."