चिमीचा ओठ

खोका कापल्याबरोबर तेजलनं सगळ्यात वरचं पुस्तक उचललं आणि सायलीच्या हातात ठेवलं. सायली तिच्या वर्गातली, चौथीतली. खास आजच्या प्रकाशनासाठी तिला घरून बोलावून आणलं होतं.

"बघ. यात मी आहे."

गंगापूर रोडवरचं ते लहानसं सभागृह हळूहळू भरत होतं. खुर्च्यांवर शाळांचे मुख्याध्यापक आणि पालक, पुढं सतरंजीवर मुलं. तेजलचे वडील धम्मपाल खोक्यातून पुस्तकं काढून टेबलावर लावत होते. नाशिकरोडच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे. या पुस्तकातली सगळी चित्रं त्यांची. त्यांचं हे पहिलंच पुस्तक.

गोष्ट चिमी नावाच्या मुलीची होती. शाळेतली मुलं तिच्या ओठावरून तिला चिडवतात, ती हसणं सोडून देते आणि शेवटी एक दिवस सगळ्यांसमोर खळखळून हसते. चिमीसाठी धम्मपालांनी तेजललाच समोर बसवलं होतं. तेजलचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला. तान्ही असताना शिवला, पण व्रण राहिला. हसली की ओठ एका बाजूला ओढला जायचा.

मे महिन्याच्या सुट्टीत ती रोज दुपारी खिडकीपाशी स्टुलावर बसायची. पहिले काही दिवस ओठ घट्ट मिटून.

"अगं, तोंड मिटलंस तर मी काढू काय?" धम्मपाल म्हणायचे.

मग ती हसायला लागली. शेवटचं चित्र झालं तेव्हा बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "वाकडं आहे. पण माझंच आहे. असंच छापणार ना, पप्पा?"

"असंच."

प्रकाशक कुंदन भला माणूस होता. गोष्टही त्यानंच लिहिलेली. चित्रं पाहून तो म्हणाला, "सर, काम सुंदर झालंय. फक्त ओठाचं जरा बघा ना. लहान मुलं दचकतात. शाळा पुस्तक घेणार नाहीत. त्यापेक्षा पुढच्या दोन दातांत फट दाखवू. मुलं दातांवरूनही चिडवतातच की. गोड दिसेल, आणि सांगायचं तेच राहील."

धम्मपाल "बघतो" म्हणाले. तेजल क्लासला गेली की ते चित्रं काढायला बसायचे. प्रत्येक पानावरची चिमी त्यांनी नव्यानं काढली. ओठ सरळ केला, दातांत फट काढली, अंगाचा रंगही थोडा उजळला. तो उजळायला कुणी सांगितलं नव्हतं. तेजलला आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता पुस्तक छापून आलं. तोवर तिनं सगळ्या वर्गाला सांगून टाकलं होतं.

सायली पानं उलटत होती.

"कुठंय तू?"

"ही काय! चिमी."

"ही?" सायलीनं पुस्तक तेजलच्या चेहऱ्याशेजारी धरलं. चित्राकडे बघितलं, मग तिच्याकडे. "पण हिचा ओठ तर चांगला आहे."

ती चिडवत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

तेजलनं पुस्तक तिच्याकडून घेतलं. पहिल्यापासून एकेक पान बघितलं. धम्मपाल टेबलापलीकडे उभे होते. हातातली पुस्तकं खाली ठेवून ते तिच्याकडे निघाले, तेवढ्यात कुंदननं माइकवरून त्यांचं नाव पुकारलं.

"चिमी कशी सुचली, ते आता सरांच्याच तोंडून ऐकू या."

धम्मपाल माइकसमोर जाऊन उभे राहिले. सांगायचं होतं ते एवढंच होतं, की ही माझ्या मुलीची चित्रं होती आणि ती मी बदलली. पुढच्या रांगेतले मुख्याध्यापक मांडीवर पुस्तक उघडून बसले होते. कुंदन आशेनं बघत होता.

"मुलं जशी आहेत तशी ती सुंदर असतात," धम्मपाल म्हणाले. "त्यांच्यात दुरुस्ती करायला जाऊ नका. एवढंच."

टाळ्या झाल्या. सतरंजीवर तेजलनंही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून.

कार्यक्रम संपला. मुलं सामोशांकडे पळाली, सायलीही गेली. तेजल तिथंच बसून राहिली. धम्मपाल येऊन तिच्यासमोर खाली बसले.

"तेजू, ते कुंदनकाका म्हणाले, की..." बोलता बोलता ते थांबले. "नाही. मी बदललं. मीच."

तिनं मान हलवली.

"तुझी सगळी चित्रं घरी आहेत. एकही फाडलं नाही मी. आपण दुसरं पुस्तक करू. तुझंच."

"हं."

"रागावलीस?"

तिनं नाही म्हटलं. खरंच रागावलेली दिसत नव्हती. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं धम्मपालांना वाटलं. तिनं पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. तिथं चिमी सगळ्यांसमोर हसत होती. तेजलनं तिच्या ओठावरून हलकेच बोट फिरवलं.

"पप्पा, हिचं ऑपरेशन किती छान झालंय ना?"

तिनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"मला पण त्याच डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं," ती म्हणाली.