जुलै ते सप्टेंबर

"काही आहे का?" इन्चार्ज शुभदा मॅडमनी रजिस्टरवरून मान न उचलता विचारलं.

"नाही," निशिगंधा म्हणाली.

"सप्टेंबर संपत आला."

"हो मॅडम."

तालुक्याच्या त्या दवाखान्यात नर्सांच्या बारा जागा होत्या, भरलेल्या सात. सातही कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांच्या. दोघी एकदम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तर वॉर्ड चालायचा नाही, म्हणून मॅडमनी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर नंबर लावले होते. प्रत्येकीला तीन महिने. तेवढ्यात दिवस राहिले तर ठीक, नाहीतर पुढचीचा नंबर. नंबर सोडून दिवस राहिले तर कंत्राट वाढायचं नाही. असा नियम कुठल्या कागदावर नव्हता, पण सातही जणींना पाठ होता.

जुलै ते सप्टेंबर निशिगंधाचे होते. लग्नाला पाच वर्षं झालेली, त्यातली दोन या नंबरची वाट बघण्यात गेली. आणि नेमकी यंदा कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. फवारणाऱ्यांच्या नाकातोंडात किडीचं विषारी औषध उतरू लागलं. रोज आठ-दहा जण यायचे. कुणी ओकत, कुणाला दिसेनासं झालेलं, कुणी भलतंच बडबडत. त्यांचे कपडे उतरवायचे, अंग साबणाने धुवायचं, सुया द्यायच्या. एक ड्यूटी संपली की दुसरी.

नवरा अमर रविवारी ढाणकीहून एसटीने यायचा. ती तीनतीनदा हात धुवायची, तरी औषधाचा वास जायचा नाही. त्याने जवळ घेतलं की तिला मळमळायचं. मागच्या रविवारी तो म्हणाला, "आता एकच रविवार राह्यला ना आपला?" ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मूल हा शब्दही तिला नकोसा झाला होता.

"मग ऑक्टोबरपासून केतकी," मॅडम म्हणाल्या. "पाठव तिला. लघवी तपासून घेते आधी. मागनं भानगड नको."

केतकी वॉर्डात एका माणसाचं अंग धूत होती. लग्न होऊन वर्षही न झालेली पोर. निरोप ऐकला आणि ती हातात पाण्याचा मग घेऊन तशीच उठली.

"ताई, मले दोन महिने होऊन गेले."

"कोणाले सांगितलंस?"

"कोणालेच नाही. घरीबी नाही. अन् रोज या औषधात हात घालून राह्यले मी. लेकराचं काय होत असन वो?"

निशिगंधाने तिच्या हातातून मग काढून घेतला. "सरक तिकडे. इथं पाय ठेवू नको आता."

त्या माणसाच्या मानेवरचा, काखेतला पिवळट चिकटा तिने चोळून चोळून धुतला. त्याला चादर पांघरली. मग हात पुसत ती पुन्हा मॅडमकडे गेली.

"मॅडम, एक सांगायचं राहिलं. जुलैतच आम्ही दोघींनी नंबर बदलून घेतले होते. हे तीन महिने केतकीचे होते. तिला दिवस गेलेत."

मॅडमनी बोटांवर महिने मोजले.

"मला न विचारता?"

"चुकलं."

"बरं. म्हणजे ऑक्टोबर तुझा."

"नको."

"अगं, वेडी आहेस का? आता सोडलास तर शेवटी जाशील. दोन वर्षं."

"शेवटीही नको मॅडम. माझं नाव काढूनच टाका त्या पानावरून."

मॅडमनी पहिल्यांदाच वर पाहिलं. क्षणभर त्या काही विचारणार असं वाटलं. पण त्यांनी पट्टी घेतली, लाल पेन उघडलं आणि निशिगंधाच्या नावावर सरळ रेघ मारली. खाली आणखी एक. मग त्या खुर्चीत मागे रेलल्या. चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला होता.

"चला, एक काळजी मिटली," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? तुझ्यासारख्या चौघी मिळाल्या ना, तर दवाखाना कसा सुरळीत चालेल. यंदा आदर्श परिचारिकेसाठी तुझंच नाव पाठवते मी."

निशिगंधा बाहेर आली. बेसिनपर्यंत कशीबशी पोचली आणि तिला भडभडून ओकारी आली. पोटात सकाळपासून काही नव्हतं. नुसतं कडू पाणी पडत राहिलं.

व्हरांडा पुसणारी जमनी मावशी फडकं टाकून धावली. एका हाताने तिचं कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठ चोळली. मग वाकून तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हातारीचा चेहरा एकदम उजळला.

"काय वो बाई," ती कानाशी हळूच म्हणाली, "पेढे कधी चारता मंग?"