राखीव यादीत पहिली

फोन ठेवला तेव्हा आरेखकाचे पाय जमिनीवर नव्हते. "लागला! लेकीचा मेडिकलला नंबर लागला!" नकाशांच्या टेबलांमधून तो ओरडत सुटला. सगळे टाळ्या पिटत भोवती जमले. हेडक्लार्कनी पाठ थोपटली. "वा! कितवी आली?"

"राखीव यादीत पहिली!"

टाळ्या थांबल्या. सोळा वर्षांत या ऑफिसात त्याने आपली जात कोणाला कळू दिली नव्हती. 'जातीवर डॉक्टर झालेल्याकडून मी सुईसुद्धा टोचून घेणार नाही,' असं हेडक्लार्क जेवताना म्हणायचे, तेव्हा हाही कसनुसं हसायचा. आज आनंदाच्या भरात तोंडून निघून गेलं. पण शब्द परत घ्यावेसे वाटेनात, उलट हसूच आवरेना. धावत जाऊन त्याने चॉकलेटं आणली आणि टेबलाटेबलाशी जाऊन नव्याने सांगितलं, "राखीव यादीत पहिली हं!"

हेडक्लार्कनी चॉकलेट घेतलं आणि त्याला ओढतच जिन्यात नेलं. काय वाट्टेल ते ऐकून घ्यायची त्याची तयारी होती.

"त्याच यादीत चौथा माझा मुलगा आहे," ते कुजबुजले. डोळे नुसते लकाकत होते. "सकाळपासून आनंद पोटात मावत नाहीये रे! पण सांगू कोणाला?"