कपाळावरचा व्रण

१९४१चा माघ, दुपारी तीन. वाशिंदचा विधुर देवराम सापगावला धाकलूच्या ओटीवर पाटाच्या लग्नाचे बोलणे करायला बसला. नवऱ्या मुलाचे, म्हणजे देवरामचे, वय पंचेचाळीस आणि धाकलूच्या विधवा बहिणीचे, सकुबाईचे, अडतीस, असे दोन्हीकडून सांगून झाले होते.

पाहुण्याच्या कपाळावरच्या सुरकुत्यांमध्ये एक लांब व्रण होता. धाकलूने सहज विचारले आणि देवराम खुलला. "पहिल्या पलेगात गाव सोडून आमी रानात झोपड्या घातल्या. तवा बिबळ्याच्या तोंडातनं गोऱ्हा सोडवला. एकट्यानं."

पहिल्या प्लेगला चव्वेचाळीस वर्षे झाली होती. धाकलूने बोटे मोजली.

"म्हंजे तुमी तवा एक वर्साचे. बिबळ्याकडं रांगत गेलाव का?"

देवरामचा चेहरा पडला. सहा वर्षे तो स्वतःच्या हाताने भाकरी थापत होता, आता पुढेही थापाव्या लागणार होत्या. त्याने पागोटे उचलले आणि तो वहाणा शोधू लागला.

दाराआडून सकुबाई म्हणाली, "बसा वो. आन् बिबळ्या कुठला? तिथं आमची बी झोपडी व्हती. आमच्याच गोऱ्ह्यानं शिंग मारलं तुमाला. हलद दाबून पदराच्या चिंधीनं बांधलं, ती मीच."



धाकलूने मोजायला उघडलेली बोटे पुन्हा मिटून घेतली; अडतीस वर्षांची सकुबाई तेव्हा जन्मलीच नव्हती. दिवेलागणीपर्यंत पाटाचा दिवस ठरलेला नव्हता. पाहुणा मात्र जेवायला थांबला होता.