मदतीच्या खिडकीतलं कोरं पान

"मी मोठेपणी कोण होणार?" मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून शाल्मलीने संगणकाच्या मदत-खिडकीला विचारलंच. प्रत्येकाचं पुढचं आयुष्य त्या खिडकीत पानोपानी लिहिलेलं असे आणि दहावीनंतरची शाखा सगळे तिलाच विचारून घेत. उत्तर झटकन आलं : दंतवैद्य!

"खिडकी कधी चुकते का?" म्हणत बाबा खुशीत फॉर्म भरायला बसले, आईनेही मान डोलावली.

शाल्मलीने मात्र सहसा कुणी उघडत नाही ती अनुक्रमणिका उघडली. पानं चांदण्यासारखी तरंगत वर येऊ लागली. शेवटचं कोरं होतं, खाली लिहिलं होतं 'संपादन करा'. तिने हळूच लिहिलं, 'समुद्रतळाचे नकाशे काढते.' सगळी पानं लाटेसारखी हलली आणि दंतवैद्य विरघळून गेला.

"आई, बाबा, फॉर्म इकडे द्या. मी भूगोल घेतेय!"