डाल्याखालची घोरपड

खुशालरावांनी हौसेनं पाळलेली घोरपड महिनोन् महिने खोक्यात उपाशी पडून मरायला टेकली, तेव्हा त्यांनी ती शेण काढणाऱ्या केशरबाईंना फेकून द्यायला सांगितली. केशरबाईंनी ती घरी आणली. रोज उन्हात ठेवली, कोंबडीचं अंडं फोडून चमच्यानं भरवलं. पण सगळं जबड्यातून बाहेर ओघळायचं.

"मराचंच होतं तं तिकडंच मराचं होतं ना व माय! माहा जीव कावून खाऊन राहिली?" केशरबाई करवादायच्या आणि दुसरं अंडं फोडायच्या.

विसाव्या दिवशी तिनं अंडं गिळलं. महिन्याभरात कोंबड्या झाकायच्या डाल्याखाली सरसर फिरायला लागली, आणि खुशालराव दारात हजर.

"केशर, घोरपड जगली म्हन्तात. आन इकडं. मारून तेल काढतो गुडघ्याले."

केशरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला नाही.

"मेली थे, मालक. नाल्याकाठी गाडली."

त्या संध्याकाळी बुद्धवंदनेला सगळी वस्ती पंचशील म्हणत होती. खोटं न बोलण्याचं शील आलं, तेव्हा केशरबाईंनी तेवढ्यापुरते ओठ मिटून घेतले.