ओठावरचा डाग

पुन्हा तोच डाग. पडद्यावर फोटो उमटला आणि बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. फोटोतल्या माणसाच्या वरच्या ओठावर, उजवीकडे, मोहरीएवढा काळा ठिपका.

दुपारी पाहणीला मंडळी यायची होती. यंत्र त्यांच्या पसंतीला उतरलं तर याहून मोठं बांधायचं, नाही तर गाशा गुंडाळायचा.

यंत्राची सगळी आखणी बाईंची. एकाच मोठ्या संगणकाला राबवण्यापेक्षा शेकडो चिमुकले संगणक ओळींनी बसवायचे, चित्राचे बारीक चौकोन पाडून एकेकाला एकेक वाटून द्यायचा आणि सगळ्यांनी एकदमच कामाला लागायचं. पुसट फोटो स्वच्छ करायला जुना संगणक तास खाई. हे यंत्र पापणी लवायच्या आत मोकळं. त्यापायी बाईंचे दिवसच्या दिवस प्रयोगशाळेतच जात. पुरुषाच्या जातीला सवत आली ती माझ्याच नशिबी, असं त्यांचे यजमान भेटेल त्याला सांगत.

चाचणीचा फोटोही यजमानांचाच. लग्नाआधीच्या ओळखपत्रावरचा, पार विटलेला. बाईंचा शिरस्ता असा, की जुन्या संगणकाने दिलेलं चित्र प्रमाण मानायचं आणि नवं त्याच्याशी ताडून बघायचं. जुन्यात ओठ साफ, नव्यात डाग. म्हणजे त्या चौकोनावरचा संगणक नासका. त्यांनी तो बदलला. शेजारचे बदलले. तारा उपसून पुन्हा जोडल्या. डाग जागचा हलेना. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, आजच्या दिवस दुसरा फोटो लावू या, कोणाला कळतंय? बाईंना ते पटेना. दुखणं लपवून मुलगी खपवायची नसते, एवढंच त्या म्हणाल्या.

तेवढ्यात यजमान डबा घेऊन आले. नेहमीसारखं सवतीची ख्यालीखुशाली विचारत, झुपकेदार मिशीतल्या मिशीत हसत ते पडद्यापाशी गेले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी हळूच तोंडावर धरला.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"अगं, तीळ आहे तो. तुमच्या घरी तुला बघायला यायचं ठरलं, तेव्हा आई म्हणाली, आधी मिशी वाढव."

बाई उठल्या. भर प्रयोगशाळेत, साहेबांच्या देखत, त्यांनी नवऱ्याची मिशी दोन बोटांनी वर केली. होता. मोहरीएवढा, उजवीकडे. ठोकळ नजरेचा जुना संगणक त्याला धूळ समजून इमानेइतबारे पुसत आला होता.

साहेब हसता हसता खुर्चीत बसले. फोटो हाच ठेवा, आणि यजमानांनाही ठेवून घ्या, म्हणाले.

बाईंनी यंत्राच्या गरम पत्र्यावरून मायेने हात फिरवला.

"अहो, तुमची कसली, ही तर माझी सवत निघाली," त्या म्हणाल्या. "संसार मी केला, आणि तीळ हिनं पाहिला."